अनुदानाची पुस्तके

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच की, पैशाच्या विषयाला मी सहसा हात घालीत नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाने हिशेबाच्या वहीत डोके घालू नये, असे आमच्या घरचे मत आहे आणि ते अनुभवावर आधारलेले आहे. वाण्याचे बिल मी एकदाच तपासायला घेतले. त्याच्या बेरजेत एकही चूक निघाली नाही, माझ्या बेरजेत दोन निघाल्या. तेव्हापासून जमाखर्च घरच्या मंडळींकडे आणि ज्ञानेश्वरी माझ्याकडे, अशी आमची वाटणी झालेली आहे. तरीही ऐन दिवाळीत सरकारी अनुदानाचे नियम घेऊन तुमच्यापुढे येत आहे. फराळाला बसण्याआधी कारीट फोडावेच लागते. हा लेख त्या जागी समजावा.

हकिगत २०२४ च्या मार्चमधली. माझी सासुरवाडी बोईसरच्या पलीकडे, तारापूरच्या वाटेवर, समुद्राकाठच्या एका गावात आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात गावाची थोडी अब्रू गुंतलेली आहे. त्या गावात कौलारू छपराचे, दोन खोल्यांचे एक सार्वजनिक वाचनालय आहे. माझे सासरे, ज्यांना गाव अण्णा म्हणत असे, ते तीस वर्षे त्याचे चिटणीस होते. अण्णा गेले. तेराव्याच्या जेवणाच्या पंगती उठल्या न उठल्या तोच चार वडीलधारी मंडळी माझ्याभोवती जमली आणि म्हणाली, "जावईबापू, आता वाचनालय तुमचं. तुम्ही मराठीचे प्राध्यापक, तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?" सासुरवाडीत जावयाला नकार देता येत नाही, हा काही लेखी नियम नव्हे, पण मी आजवर पाहिलेल्या सर्व नियमांत तोच सर्वांत कडक आहे. झालो चिटणीस. दर रविवारी पालघरहून डहाणू लोकल धरायची, उमरोळी गेले की बोईसरला उतरायचे, तिथून शेअर रिक्षात पाचवा माणूस होऊन बसायचे, असा माझा क्रम सुरू झाला.

आता या वाचनालयाचे अर्थशास्त्र थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो १९६७ साली. (आपल्या मुलखात त्याच्याही आधी, १९४५ साली, कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता, पुण्यामुंबईच्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.) पुढे १९७० साली अनुदानाचे नियम झाले. दक्षिणेकडच्या काही राज्यांनी घरपट्टीवर ग्रंथालयाचा कर बसवून सरकारी वाचनालये काढली. आपण तसे केले नाही. गावोगाव लोकांनीच चालवलेल्या संस्था होत्या, त्यांना सरकारने मान्यता द्यायची, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडायचे आणि वर्गाप्रमाणे मदत करायची, असा मार्ग निवडला. मला तो अजूनही बरा वाटतो. आमचे वाचनालय 'ड' वर्गातले, म्हणजे शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखे. 'ड' वर्गाचे अनुदान २०१२ पासून वर्षाला ३० हजार रुपये होते. दहा वर्षे ते तसेच राहिले. मग ६० टक्के वाढ झाली आणि मी चिटणीस झालो तेव्हा आकडा ४८ हजारांवर आला होता.

पण ४८ हजार म्हणजे सरकार ४८ हजार आणून टेबलावर ठेवते असे नव्हे. नियम असा की, मान्य बाबींवर जो खर्च होईल त्याच्या ९० टक्के, आणि तोही वर्गाच्या कमाल मर्यादेपर्यंत. म्हणजे पुरते ४८ हजार पदरात पाडायचे तर ५३ हजारांच्या वर खर्च व्हायला हवा आणि वरचे पाच हजार गावाने उभे करायला हवेत. महिन्याला दहा रुपये वर्गणी देणारे सभासद किती असतील आणि त्यांतले खरोखर देणारे किती, याचा हिशेब आपणच करावा. अनुदानातला निम्मा वाटा पगारावर, पाव पुस्तकांवर आणि पाव वीज, वर्तमानपत्रे, वह्या, झाडू यांवर. निम्मे म्हणजे २४ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये. एवढ्या पगारावर आमच्या ग्रंथपाल ताई रोज संध्याकाळी तीन तास वाचनालय उघडतात. गेली अकरा वर्षे उघडतात. त्यांना मी एकदा विचारले, "परवडतं कसं?" त्या म्हणाल्या, "सर, परवडत नाही म्हणून तर सकाळी वसाहतीतल्या कारखान्यात पॅकिंगला जाते."

मार्च उजाडला. ३१ मार्च ही तारीख आपल्याकडे दुसरी दिवाळीच आहे. फरक इतकाच की, त्या दिवाळीत फटाके कचेरीच्या आत वाजतात. वर्षभर वाट पाहिलेला हप्ता वर्षाच्या शेपटाला येतो आणि न खर्चलेली रक्कम परत जाणार या भीतीने जो तो खर्च करीत सुटतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत शेवटच्या महिन्यांतली ही खर्चाची घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग, असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. हा नियम पाळायला मात्र मार्चच्या आधी पैसे हातात पडावे लागतात, ते कुठे लिहिले आहे ते मला सापडले नाही.

तर त्या मार्चमध्ये अहवालाचे कागद घेऊन मी बसलो. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अहवालात दरसाल एक ओळ असते: 'पुस्तकांची मोजदाद केली, ती दाखल नोंदवहीशी बरोबर जुळली.' खाली अण्णांची सही. गेल्या वर्षी तीच, त्याच्या आदल्या वर्षी तीच, अक्षरही तेच टपोरे, मोडीच्या वळणाचे. आता त्या ओळीखाली माझी सही व्हायची होती. मी पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मोजलीत?"

आमची मंडळी त्या दिवशी माझ्याबरोबर माहेरी आली होती. मी म्हटले, "अण्णा दरवर्षी लिहीत असत."

"अण्णा मोजत असतील. तुम्ही मोजलीत?"

ज्याने वाण्याच्या बिलात मार खाल्ला आहे, त्याने अशा प्रश्नाला उत्तर देऊ नये. आम्ही मोजायला बसलो. ताई नोंदवही वाचीत, ही कपाटातून पुस्तक काढी, मी खूण करी. गावातल्या दहावीच्या तीन मुलीही आल्या, त्यांच्या परीक्षा नुकत्याच आटोपल्या होत्या. तीन रविवार लागले. नोंदवहीत १,२१२ पुस्तके होती. कपाटांतली आणि सभासदांच्या नावावर दिलेली मिळून भरली १,०८६. शिवाय मागच्या खोलीतल्या एका पेटीत ३८ निघाली, ती वाळवीने इतकी खाल्लेली की त्यांना पुस्तक म्हणणे धाडसाचे झाले असते. बाकी ८८ कुठेच नाहीत.

मोजणी संपली तेव्हा दिवेलागण झाली होती. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अण्णा दरवर्षी खोटं लिहीत होते."

यावर जावयाने काय बोलावे?

त्याच आठवड्यात एक पुस्तकविक्रेते आले. असे विक्रेते मार्चमध्ये आंब्याच्या मोहोरासारखे येतात. गृहस्थ गोड होते. अडचण त्यांच्या कानावर गेलीच होती. म्हणाले, "सर, एवढं मनावर घेऊ नका. वेतनेतरमधून पुस्तकं घ्यायचीच आहेत ना? हरवलेल्यांची यादी द्या, जी मिळतील ती तीच आणून देतो, जी मिळणार नाहीत त्यांच्या जागी तेवढ्याच पानांची दुसरी. नंबर मारून ठेवा. बिल तुम्हाला हवं तसं." त्यांनी नमुन्याची चार पुस्तकेही काढली. छापील किंमत ४०० रुपये, पाने ९६, कागद जिलेबीच्या पुडीचा. अशी पुस्तके कोण वाचतो, हा प्रश्न त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ती वाचण्यासाठी निघालेलीच नसतात, ती बिलासाठी निघालेली असतात. मात्र खोटे कशाला बोलू, त्या रात्री मला त्यांची सूचना शहाणपणाची वाटली. पुस्तके भरली असती, ओळ खरी ठरली असती, अण्णांचे नाव राहिले असते आणि ताईंचे दोन हजार सुखरूप राहिले असते. या एका सहीवर एवढे सगळे लोंबकळत होते.

भीती उगाच नव्हती. २०१२ साली महसूल खात्याने राज्यातल्या अनुदानित ग्रंथालयांची एकदम झडती घेतली होती. कुठे पाटी आणि कुलूप एवढेच सापडले, कुठे कपाटे होती पण वाचक नव्हते. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता आणि जुन्यांना वरचा वर्ग देणे कित्येक वर्षे थांबले. म्हणजे ज्यांनी पाट्या लावून पैसे खाल्ले त्यांचे काय झाले ते झाले, पण ज्या गावात खरोखर चार पोरांना वाचनालय काढायचे होते त्यांचीही वाट त्या पायी अडली. नियम कडक होतात ते असे. आधीच्याने केलेली लबाडी पुढच्याच्या अर्जात नवा रकाना होऊन येते.

झोप येईना, म्हणून जुनी पुस्तके चाळत बसलो. अनुदान ही चीज आपल्याकडे आली ती १८५४ साली वुडसाहेबाच्या खलित्याबरोबर. खाजगी शाळांना सरकारने मदत द्यावी, मात्र सरकारी तपासनिसाला तपासू द्यावे, अशी त्यातली अट. पुढच्या दशकात मुंबई इलाख्यात निकाल पाहून पैसे देण्याची पद्धत आली. तपासनीस शाळेत येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि जितकी मुले पास तितके पैसे. ऐकायला किती न्यायाचे वाटते! १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले, त्यात त्यांनी या न्यायाचे नेमके वर्म पकडले आहे. गरीब आणि शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या लोकांत ही पद्धत चालायची नाही, असे त्यांनी सांगितले. तिथे पोटासाठी कोणी मास्तर आपण होऊन शाळा काढणार नाही, कारण त्याला त्यात चरितार्थच चालवता येणार नाही. म्हणजे जिथे काम सर्वांत अवघड, तिथेच मोजमापात भरेल असे फळ सर्वांत कमी, आणि म्हणून पैसाही सर्वांत कमी. 'ड' वर्गातल्या चिटणिसाला हे वाचून आपला कोणी नातेवाईक भेटल्यासारखे वाटले.

आणि ज्याला पैसे द्यायचे त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हा घोळ काही वाचनालयांपुरता नाही. आमच्या पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ तालुक्यांतली मुले माझ्या वर्गात असतात. टाळेबंदीच्या २०२० सालात आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान मंजूर झाले, कुटुंबाला चार हजार. त्यांतले दोन हजार बँकेत आणि दोन हजारांचा शिधा: मटकी, चवळी, हरभरा, डाळी, तेल, साखर, मीठ, मसाला, चहा. शिध्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या तेव्हा २०२१ साल लागले होते. पाड्यावरच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, चार हजार रोख दिले असते तर आम्ही मीठ घेतलं नसतं का?" दुसऱ्या बाजूने, रोख रक्कम घरातल्या बाईच्या हाती न जाता कुठे जाते तेही आपण जाणतो. मला तेव्हा उत्तर सुचले नाही, आजही सुचलेले नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी विक्रेत्याची सूचना हिच्या कानावर घातली. वाटले होते की, वडिलांच्या नावासाठी ती रुकार देईल. तिने कप खाली ठेवला. "अण्णांनी लिहिलं ते न मोजता लिहिलं. तुम्ही लिहाल ते मोजून लिहाल. दोन्ही सारखं नाही," एवढे म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि मला वाटते, तिथे थोडा वेळ रडली.

मग आम्ही तिघे, मी, ही आणि ताई, ८८ पुस्तकांची यादी घेऊन गावात फिरलो. ताईंची स्मरणशक्ती नोंदवहीहून पक्की होती, हे तेव्हा कळले. "हे कादंबऱ्यांचं जोडपं बंदरावरच्या मामींकडे असणार, मामा आजारी होते तेव्हा अण्णा स्वतः नेऊन देत." मामींनी पाटावरची जुनी पितळी पेटी उघडली, अकरा पुस्तके, फडक्यात बांधलेली. मामा जाऊन सहा वर्षे झाली होती. "कुणी मागायलाच आलं नाही," त्या म्हणाल्या. अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढली, तसे गावात भाड्याने राहणारे पुष्कळ परगावचे कामगार आले. त्यांच्याजवळ रहिवासाचा पुरावा नाही, अनामत भरायला पैसे नाहीत, म्हणून ते सभासद होऊ शकत नसत. अण्णा त्यांना नुसतेच पुस्तक देत. नोंद करायची तर सभासद क्रमांक हवा, तो नाही, म्हणून नोंदच नाही. कोणी आणून दिले, कोणी खोली सोडून गावी गेला. एका चाळीत चार पुस्तके एकाच खिडकीत मिळाली. तिथे राहणारा माणूस तिसऱ्या हाताचा, त्यालाही ती आधीच्या भाडेकरूकडून आलेली.

आता सांगा, वाचनालय ज्यासाठी काढतात ते काम यांतले कोणते? नोंदीतली १,०८६, की नोंदीबाहेरची ही? आणि तरीही मी अण्णांची बाजू पुरती घेणार नाही. नोंद न करता दिलेले पुस्तक हे सार्वजनिक पुस्तक राहत नाही, ते अण्णांचे पुस्तक होते. ज्याच्या ओळखीचा अण्णा, त्याला मिळणार. ज्याला लाज वाटते, जो मागायला येत नाही, त्याला नाही. उद्या अण्णांच्या जागी दुसरा कोणी बसला की त्याच पद्धतीने कपाट रिकामे होईल आणि आपण त्याला अण्णा म्हणणार नाही.

८८ मधली ३३ मिळाली. ५५ राहिली, आणि वाळवीची ३८. एकूण ९३.

याच्यापुढे मी जे केले ते खरे म्हणजे पहिल्या दिवशीच करायला हवे होते. नियम वाचले. मराठीचा प्राध्यापक, पण सरकारी मराठी वाचायची म्हटली की माझ्याही पोटात गोळा येतो. तरी वाचले. जीर्ण आणि गहाळ पुस्तकांचे निर्लेखन करण्याची, म्हणजे ती वहीतून रीतसर कमी करण्याची, सोय आहे. ठराव करायचा, यादी जोडायची, परवानगी मागायची. तीस वर्षे अण्णा ज्या ओळीखाली सही करीत आले, तिच्याऐवजी खरे लिहायला कागदावर जागा होती. ती कोणी पाहिलीच नव्हती. त्यांनीही नाही आणि त्यांना जावईबापू म्हणून डोक्यावर घेणाऱ्या मीही नाही.

सभा बोलावली. एकवीस सभासद आले, म्हणजे बऱ्यापैकी गर्दी. ठरावाचा मसुदा मी केला होता, त्यात 'काही अपरिहार्य कारणास्तव' असा शब्दप्रयोग होता. एक वयस्कर सभासद म्हणाले, "अपरिहार्य म्हणजे काय हो?" मी काही बोलणार, तोच मागे बायकांत बसलेली ही उभी राहिली. लग्नानंतरही तिने माहेरचे सभासदत्व सोडलेले नाही, वर्गणीही थकवलेली नाही. ती म्हणाली, "लिहा: पूर्वीच्या चिटणिसांनी ही पुस्तके गरजू वाचकांना नोंद न करता दिली, ती परत आली नाहीत." सभा गप्प झाली. कोणी तरी म्हणाले, "पोरी, अण्णांचं नाव..." ती म्हणाली, "नाव घातलेलं नाही, काका. आणि घातलं तरी मला चालेल." सूचक म्हणून सही तिनेच केली.

दुसरा ठराव ताईंनी मांडला. ज्याच्याजवळ रहिवासाचा कागद नाही, अशा माणसाला गावातल्या एका सभासदाच्या जामिनावर पुस्तक द्यावे आणि त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवावी. तो एकमताने झाला.

अहवालात मी १,११९ पुस्तके लिहिली आणि खाली सही केली. हात थोडा कापला, ते लिहायला हरकत नाही. ठराव आणि यादी जोडून कागद रवाना केले. महिनाभर उत्तर नाही, तेव्हा आमच्या घरी रोज टपालाची चौकशी होई. मग विचारणा आली ती एवढीच: यादीत ४१ व्या क्रमांकाच्या पुस्तकाची किंमत लिहायची राहिली आहे, ती कळवावी. ती कळवली. वर्ग राहिला, हप्ता आला, ताईंना थकलेले सहा महिन्यांचे बारा हजार एकदम मिळाले. त्यांनी त्यांतून मुलीला सायकल घेतली. विक्रेते पुढच्या मार्चमध्ये पुन्हा आले होते. ताईंनी त्यांना पाणी दिले आणि चार नमुने पाहून पाचवे मागितले, जे वाचण्यासारखे होते. ते त्यांच्याजवळ नव्हते.

वेगळ्या वहीत आजवर चाळीस नावे झाली आहेत. त्यांतली बरीच हिंदी आणि उडिया आहेत, म्हणून हिंदी पुस्तके घ्यायला लागलो आहोत. उडियाचे काय करावे ते ठरत नाही.

गेल्या महिन्यात मात्र एक पेच आला. सुरतेहून एक पार्सल आले, आत अण्णांच्या नावे चिठ्ठी आणि एक प्रवासवर्णन. पाठवणाऱ्याने लिहिले होते, 'बोईसर सोडताना चुकून सामानात आले, माफी असावी.' यादी काढून पाहिली, निर्लेखित पुस्तकांत त्याचा क्रमांक ६२. वहीतून गेलेले पुस्तक कपाटात परत आले तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे? नवे म्हणून दाखल करावे तर बिल नाही, जुने म्हणून ठेवावे तर ते कमी झालेले. ही म्हणते, देणगी म्हणून लिहा. ताई म्हणतात, देणगीदार म्हणून कुणाचे नाव घालू, सुरतवाल्याचे की अण्णांचे? पुस्तक अजून टेबलावरच आहे. मी नियम पुन्हा वाचायला घेतले आहेत.